कीर्द, खतावणी आणि झाडलोट

(हिंगोली येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



संगणकाविषयी काही सोपे बोलावे, अशी आपल्या कार्यवाहांची आज्ञा झाली. संगणकाविषयी सोपे असे फार थोडे आहे. परंतु आपल्यांपैकी कित्येक घरांत ज्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेल्या, त्यांच्याच वाटेने गेल्यास एक अवघड विषय बराचसा आवाक्यात येतो, असे मला वाटते. व्यवहार चालू असता मध्येच वीज गेली वा यंत्र बंद पडले, तर संगणकात ठेवलेल्या नोंदी पुन्हा खऱ्या कशा होतात, हा त्या विषयाचा पहिला भाग. वर्षानुवर्षे साचलेल्या निरुपयोगी नोंदी कोण, केव्हा व कोणत्या नियमाने काढून टाकतो, हा दुसरा. पहिल्या भागात आपले पैसे अडकलेले आहेत. दुसऱ्यात आपली जमीन आणि मुलांचे दाखले. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपवून आपण स्वस्थ बसू नये.

वसमतच्या मोंढ्यात एका शेतकऱ्याने हळद विकली असे समजा. अडत्याच्या बँकखात्यातून पन्नास हजार रुपये निघावयाचे आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावयाचे. संगणकाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले झाले आणि दुसरे होण्यापूर्वी वीज गेली, तर पन्नास हजार रुपये कोठेच नाहीत! अडत्याची वही सांगते, दिले. शेतकऱ्याची वही सांगते, मिळाले नाहीत. दोघेही खरे बोलत आहेत, आणि तरी हिशेब खोटा आहे. अशा प्रसंगी पाहिजे ते एवढेच, की व्यवहार एक तर संपूर्ण झालेला असावा, नाही तर मुळीच झालेला नसावा. अर्धा व्यवहार ही जगातील सर्वांत महागडी वस्तू होय.

आता आपल्या जुन्या पेढीवरील रीत आठवून पाहा. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत लिहिले जाई. कीर्दीत खाडाखोड नाही, मध्ये कोरी ओळ नाही, पान फाडणे तर नाहीच. सायंकाळी वा सवडीने त्याच रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरविल्या जात. गिऱ्हाईक आले की खतावणी उघडावयाची, कारण त्याच्या नावावर किती येणे आहे ते तेथे एका नजरेत दिसे. पण भांडण झाले, खतावणी भिजली, वाळवीने खाल्ली, तर मुनीम कीर्द काढी. गेल्या दिवाळीच्या ताळेबंदापासून आजपर्यंतची कीर्द हाती असेल तर संपूर्ण खतावणी पुन्हा लिहून काढता येते. उलट केवळ खतावणीवरून कीर्द कधीही उभी करता येत नाही. शहाणी पेढी आपला जीव कीर्दीत ठेवी तो याचसाठी.

संगणकातील नोंदसंग्रह, ज्यास सर्वत्र डेटाबेस म्हणतात, तो नेमके हेच करतो. त्याच्या खतावणीची पाने चकतीवर असतात. पोस्टग्रेस या प्रसिद्ध प्रणालीत एक पान आठ किलोबाइटांचे असते. पान बदलावयाचे झाल्यास ते चकतीवर जाण्यापूर्वी, काय बदलणार आहे याची ओळ एका निराळ्या, सलग वाढत जाणाऱ्या वहीत लिहिली जाते. ही त्याची कीर्द. व्यवहार पक्का झाल्याची ओळ कीर्दीत उतरली, म्हणजे व्यवहार पक्का. खतावणीचे पान मागाहून, सवडीने लिहिले तरी चालते. ठराविक अंतराने, पोस्टग्रेसमध्ये निराळे न सांगितल्यास दर पाच मिनिटांनी, तोवरची सारी बदललेली पाने खतावणीत उतरवून कीर्दीत खूण केली जाते, की येथपर्यंतचे सर्व उतरले. हा त्याचा छोटा ताळेबंद. यंत्र कोसळून पुन्हा सुरू झाले, की डेटाबेस या शेवटच्या खुणेपाशी जातो आणि तेथून पुढची कीर्द ओळीने वाचून खतावणी दुरुस्त करतो. सकाळी बँक उघडते तेव्हा रात्री असे काही घडून गेले याचा पत्ताही आपणांस नसतो.

या विद्येचा पाया विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत घातला गेला. व्यवहार या कल्पनेस तिचे आजचे रूप देणारांत जिम ग्रे यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांस १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पुढे १९९२ साली ‘एरीज’ या नावाने ओळखली जाणारी पुनःस्थापनेची पद्धत प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख लेखक सी. मोहन हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले भारतीय आहेत. एरीजची रीत ऐकण्यासारखी आहे. यंत्र उठले, की प्रथम कीर्द वाचून कोणते व्यवहार पुरे व कोणते अपुरे होते याचा तपास. मग जे जे घडले होते ते सर्व पुन्हा करावयाचे, अपुरे राहिलेले व्यवहारसुद्धा! आणि मगच अपुरे तेवढे उलट क्रमाने मागे घ्यावयाचे. जे मागे घ्यावयाचे ते आधी पुन्हा करण्यात काय शहाणपण, असे कोणालाही वाटेल. परंतु कोसळण्याच्या क्षणी वही ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत ती आणल्यावाचून मागे घेण्याची पावले बिनचूक पडत नाहीत. जुने मुनीमही प्रथम चुकलेला मेळ जसा होता तसा मांडीत आणि मग चूक शोधीत.

कीर्दीवाचून केलेली पुनःस्थापना कशी असते ते पाहावयाचे असेल तर आपल्या औंढ्यास जावे. नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग जुन्या कोरीव काळ्या दगडाचा आहे. वरचे शिखर उत्तरकाळातील, निराळ्या धाटणीचे आहे. देऊळ पुन्हा उभे राहिले ही आनंदाची गोष्ट. परंतु मूळ शिखर कसे होते ते आज दगड सांगत नाहीत. गंमत अशी, की ही बांधणी ज्याच्या नावाने हेमाडपंती म्हणून ओळखली जाते तो हेमाद्री यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी होता. असो.

कीर्द पहिली, हा नियम ऐकावयास सोपा आहे, पाळावयास नाही. पूर्वी बोरूने लिहिल्यावर ओल्या शाईवर बारीक वाळू टाकीत आणि ती सुकली की मगच पान उलटीत. संगणकातही लिहिणे आणि शाई सुकणे या दोन गोष्टी आहेत. डेटाबेस यंत्राच्या मूळ प्रणालीस विचारतो, की मी दिलेले चकतीवर खरोखर पोहोचले काय. ‘होय’ आल्यावरच तो आपणांस ‘पैसे जमा’ म्हणतो. २०१८ साली एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. लिनक्स प्रणालीत लिहिणे एकदा फसले तर पहिल्या वेळी ‘फसले’ असे उत्तर येई. परंतु तोच प्रश्न पुन्हा विचारल्यास ‘झाले’ असे उत्तर येऊ शके, जरी प्रत्यक्षात काहीच लिहिले गेले नसले तरी! पोस्टग्रेसच्या कर्त्यांनी कित्येक वर्षे या दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवला होता. २०१९ च्या आरंभी त्यांनी नियम बदलला. आता असे उत्तर फसले, की डेटाबेस दुसऱ्यांदा विचारीत नाही. तो तत्क्षणी स्वतःच बंद पडतो आणि कीर्द वाचून नव्याने उठतो. संशयास्पद शब्दावर चालत राहण्यापेक्षा एकदा मरून कीर्दीतून उठणे बरे, हा निर्णय मला फार आवडतो.

येथपर्यंत पैशांची गोष्ट झाली. आता जमिनीकडे वळू, कारण आपल्या तलाठी दप्तराइतके या विषयाचे चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला, तर त्याची नोंद प्रथम फेरफारात होते, अनुक्रमांकाने. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत चढते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली म्हणजे मगच तिचा अंमल सातबारावर येतो. नामंजूर झालेला फेरफारही नोंदवहीत राहतोच. सातबारावर मात्र येत नाही. पाहा, फेरफार ही कीर्द, सातबारा ही खतावणी, आणि प्रमाणीकरण हा पक्केपणाचा शिक्का! बदली होऊन नवा तलाठी आला आणि प्रमाणित फेरफाराचा अंमल राहून गेला असेल, तर तो नोंदवही वाचून अंमल देतो. आपल्या महसुली व्यवस्थेने ही रीत संगणकाच्या जन्मापूर्वी ठरविली होती. पुढे ई-फेरफार आला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा कागदावरील ही शिस्त संगणकात जाण्यास फारशी अडचण पडली नाही.

हस्तलिखित सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांस हेही आठवेल, की जुन्या मालकाचे नाव खोडीत नसत. त्यास कंस करीत आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. पोस्टग्रेसही असेच करतो. एखादी ओळ बदलली तर जुनी ओळ तो पुसत नाही. तिला कंस करतो आणि नवी ओळ शेजारी लिहितो. याचे दोन लाभ. ज्याने आधीच वाचावयास आरंभ केला आहे त्यास जुनी ओळच दिसत राहते, त्यामुळे वाचणारा लिहिणारास अडवीत नाही व लिहिणारा वाचणारास. दुसरा लाभ असा, की व्यवहार मध्येच मेला तर मागे घेण्यासारखे काही उरतच नाही. नवी ओळ कधी पक्कीच झाली नाही, म्हणून ती कोणास दिसत नाही; जुनी जागच्या जागी आहे. एरीजमधील शेवटची पायरी येथे वाचते. फुकट मात्र नाही. तो सारा भार झाडलोट करणाराच्या डोक्यावर जातो. कंसातील ओळी आणि कधीच पक्क्या न झालेल्या ओळी वहीत साचत जातात, आणि दहा जिवंत नावे शोधण्यासाठी हजार मृत नावांवरून बोट फिरवावे लागते.

म्हणून या डेटाबेसाने एक झाडूवाला ठेवला आहे. त्याचे नावच व्हॅक्यूम. पूर्वी त्यास मुद्दाम बोलवावे लागे. २००५ साली तो डेटाबेसाच्या अंगचा नोकर झाला आणि २००८ पासून तो न सांगता कामावर येतो. एखाद्या कोष्टकातील मृत ओळी एकंदराच्या पाचव्या हिश्श्याच्या वर थोड्या गेल्या, की तो मागील दाराने येतो, व्यवहार चालू असतानाच कंसातील ओळी काढतो, आणि ती जागा पुढील ओळींसाठी मोकळी करतो. याहून कडक अशी दुसरी रीतही आहे. तिच्यात सारे कोष्टक नव्याने लिहून काढतात आणि तोवर कोणासही ते उघडू देत नाहीत. हस्तलिखित सातबाऱ्याचे साधारण दहा वर्षांनी पुनर्लेखन होई ते याच जातीचे. कंसातील नावे गाळून स्वच्छ प्रत तयार होई. आणि त्या वेळी लेखणी चुकून एखाद्या बहिणीचे नावही कंसातील नावांबरोबर गळून जाई, हे येथे बसलेल्या अनेकांस सांगावयास नको. यंत्र असे गाळीत नाही. ते केवळ एकच प्रश्न विचारते, आणि तो प्रश्न या सर्व विषयाचा गाभा आहे: ही जुनी ओळ पाहण्याचा हक्क असलेला सर्वांत जुना वाचक अजून बसला आहे काय?

तो वाचक उठेपर्यंत झाडूवाला त्या ओळीस हात लावीत नाही. एखाद्या कारकुनाने सकाळी व्यवहार उघडला आणि तो पुरा न करता जेवावयास निघून गेला, तर त्याच्या एकट्यासाठी सबंध डेटाबेसातील केर साचत राहतो. अभियंते याने त्रस्त होतात. ओरॅकल या दुसऱ्या मोठ्या प्रणालीत जुन्या ओळी निराळ्या जागी ठेवतात व जागा भरली की त्या जातात. मग फार वेळ वाचीत बसलेल्यास ‘आपले चित्र फार जुने झाले’ असे उत्तर देऊन उठवितात. निदान खोटे चित्र तरी दाखवीत नाहीत.

झाडलोट टाळली तर काय होते? पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक लिहिणाऱ्या व्यवहारास क्रमांक मिळतो आणि ते क्रमांक सुमारे ४२९ कोटींवर संपून पुन्हा आरंभापासून येतात. त्यांतले निम्मे भूतकाळ म्हणून व निम्मे भविष्यकाळ म्हणून मोजले जातात. झाडूवाला जुन्या ओळींवर ‘ही कायमची खरी’ अशी मुद्रा मारीत गेला नाही, तर एके दिवशी कालची नोंद उद्याची ठरून अदृश्य होईल. ते टाळण्यासाठी डेटाबेस नवे लिहिणेच थांबवितो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पत्रे पाठविणारी मँड्रिल ही अमेरिकी सेवा याच कारणाने दीड दिवसाहून अधिक काळ विस्कळीत झाली होती. वीज गेली नव्हती, चोर आला नव्हता. केर काढावयाचा राहिला होता.

आपल्या सातबाऱ्यांवरही असा केर फार होता आणि आहे. वारल्यास तीस वर्षे झालेला आजोबा खातेदार म्हणून उभा असतो. फिटून गेलेल्या तगाईचा बोजा इतर हक्कांत बसलेला असतो. लहानपणी लागलेला ‘अ.पा.क.’ हा शेरा न निघाल्याने साठी उलटलेला गृहस्थ कागदावर अजून अज्ञान असतो! महसूल खात्यात अशांस पोकळीस्त नोंदी म्हणतात, आणि शब्द मोठा समर्पक आहे. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात आरंभ, १ एप्रिलपासून राज्यभर. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे, आणि पुढच्या टप्प्यात जुन्या तगाईसारखे कालबाह्य बोजे व शेरे कमी करणे. ही झाडलोटच आहे, आणि ती आवश्यक आहे. मृताच्या नावावरील शेतास ना पीककर्ज मिळते, ना वाटणी होते.

आता मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते सांगतो. यंत्रास शेवटचा वाचक कोण ते ठाऊक असते. त्याच्यापाशी यादी असते. समाजापाशी तशी यादी नाही. जातीचा दाखला पडताळून घ्यावयाचा असेल तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा पाहतात. ज्या प्रवेश-निर्गम नोंदीकडे किंवा १९५४-५५ च्या खासरा पत्रकाकडे चाळीस वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही, तेच पान एखाद्या मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी एकाएकी आवश्यक होते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीस मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू व मोडी कागद धुंडाळावे लागले. कोणत्या रुमालात कोणाचा पणजोबा निघेल हे तो रुमाल बांधणारास कसे कळावे? म्हणून कामाच्या वहीतील झाडलोट आणि दप्तराचा नाश या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातबारा स्वच्छ करावा. ज्या फेरफाराने तो स्वच्छ झाला तो, आणि त्यामागचे जुने पान, दोन्ही राखावी. शासनाच्या अभिलेखवर्गीकरणात ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा असतो, तो विचारपूर्वकच केलेला आहे. घराघरांतील पत्र्याच्या पेटीला मात्र असे वर्ग नसतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत ‘ब’ व ‘ड’ एकाच होळीत जातात.

पोस्टग्रेसचा मूळ आराखडा बर्कले येथे प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६-८७ च्या सुमारास केला, तेव्हा त्यांचाही विचार असाच होता. झाडूवाल्याने जुनी ओळ फेकून न देता निराळ्या कायमच्या भांडारात नेऊन ठेवावी, म्हणजे कोणत्याही गतदिवशी वही कशी दिसत होती ते विचारता येईल. १९९७ साली ही सोय काढून टाकण्यात आली. तिने जागा फार खाल्ली व काम मंदावले. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर एक अडचण अधिक आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून निघाला, तत्पूर्वीचे काही कागद तालुक्याच्या अभिलेख कक्षात तर काही परभणीस असू शकतात. दोन्हीकडे विचारणा करावी. जिवंत सातबाऱ्याखाली ज्यांच्या घरी वारसफेरफार झाला असेल त्यांनी नव्या सातबाऱ्यावर सर्व भावंडांची, विशेषतः बहिणींची, नावे आली आहेत काय ते आजच ताडून पाहावे. चूक लेखनाची असल्यास महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागता येते. नोटिशीत असलेले फेरफार ‘आपली चावडी’वर गावनिहाय दिसतात, नोंद प्रमाणित होण्यापूर्वीच हरकत घेणे सोपे जाते. आणि खासरा पत्रक, पाहणी पत्रक व जुने फेरफार यांच्या प्रमाणित नकला काढून त्या मूळ कागदांपासून निराळ्या घरी, शक्य तर निराळ्या गावी ठेवाव्यात, कारण आतापर्यंत सांगितलेली सारी पुनःस्थापना कीर्द शाबूत असेल तरच होते. कीर्द आणि खतावणी एकाच पेटीत जळाल्या तर तिला इलाज नाही.